खिडकीतून पडलेली नायिका

वोंग ताई सिनच्या वसाहतीत, बाजाराच्या जिन्याखाली यिम सुकचिंगचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन आणि आरशाच्या वर टांगलेला छोटा टीव्ही. गिऱ्हाईक बहुतेक म्हाताऱ्या बायका. पुरुष येतात ते बायकोने नाहीतर सुनेने पिटाळलेले. वसाहतीत तिला सगळे चिंगताई म्हणतात. आणि एके काळी चिंगताई म्हटलं की लोकांना केस आठवायच्या आधी सिनेमे आठवायचे.

लग्न झालं त्या वर्षी तिने आणि तिचा नवरा क्वोंगने सिनेमाच्या तबकड्या लावायचा प्लेअर घेतला, आणि तिला नाद लागला तो लागलाच. क्वोंग मिनीबस चालवायचा, त्याची सुट्टी कधी असेल याचा नेम नाही. तिचं दुकान मात्र मंगळवारी बंद. मंगळवार उजाडला की ती मोंग कोकला निघायची, एका जुनाट इमारतीचा जिना चढून मानदादांच्या तबकड्यांच्या दुकानात. मानदादा हा विकण्यापेक्षा न विकण्यात हुशार माणूस. तिने काही उचललं की चष्म्यावरून बघायचे.

"हा ठेव खाली, चिंग. यातलं चित्र धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखं आहे. थोडी कळ काढ, चांगली प्रत येतेय."

"दादा, असं करून तुमचं दुकान चालायचं कसं?"

"नाहीच चालत. बस, चहा मागवतो."

घेतलेली तबकडी ती त्याच संध्याकाळी लावायची. क्वोंग भाताचा वाडगा हातात घेऊन शेजारी बसायचा आणि खलनायक कोण ते अर्ध्यातच सांगून तिचे फटके खायचा. हळूहळू घराची एक भिंत सिनेमांनी भरली. मग दाराचा वरचा भाग, मग पलंगाखालची जागा. त्यांचं घर म्हणजे एकच खोली, ती केवढीशी. पाहुण्याला अंग चोरून आत यावं लागायचं. पण कोणी आजारी पडलं, कोणाचं पोर परीक्षेत नापास झालं, की ती दुकानातून निघताना म्हणायची, "थांबा, तुम्हाला एक सिनेमा देते." तिचं औषध ठरलेलं होतं.

मानदादांचं दुकान भाडं परवडेना म्हणून बंद झालं. सुकचिंगने हाय खाल्ली वगैरे नाही. तबकड्या आता घरबसल्या मागवता येत होत्या, तशा ती मागवू लागली. जपानहून, तैवानहून, कुठून कुठून खोकी यायची. आधी पाहिलेलाच सिनेमा नव्याने साफ केलेल्या चित्रासह यायचा, मग नक्षीच्या डबीत यायचा, मग पुस्तिकेसह यायचा. तीही घ्यायची. खोकं उघडायचं, डबी पुसायची, फळीवर लावायची. डबीवरचा प्लास्टिकचा पातळ कागद मात्र तसाच राहायचा.

एकदा क्वोंग भिंतीकडे बघत म्हणाला, "तू हे बघतेस की यांची राखण करतेस?"

ती हसली, पण ते तिला लागलं. त्या संध्याकाळी तिने मुद्दाम एक सिनेमा लावला आणि अर्ध्या तासात खुर्चीतच डोळा लागला. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मग तिने लावणंच सोडलं. नंतर एक खोकं आलं, त्यातली डबी फळीवर ठेवायला गेली तर तीच डबी तिथे आधीच उभी, तीही न उघडलेली. सुकचिंग तिथेच उभी राहिली. राग आला नाही, हसू आलं नाही. जेवण झाल्यावर कोणी पुन्हा ताट पुढे केलं तर होतं, तसं काहीसं झालं.

तिने एक मोठी पिशवी भरली आणि वसाहतीच्या वाचनालयात नेली. तिथली मुलगी फार नम्र होती. म्हणाली, "काकू, चांगले आहेत हो. पण आमच्याकडे लावायला प्लेअरच नाही. आणि आता कोणाकडेच नसतो ना."

जाताना त्या पिशवीचं ओझं वाटलं नव्हतं. येताना हात भरून आला. घरी येऊन तिने त्या भिंतीवर एक पडदा लावून टाकला.

अशी दोनेक वर्षं गेली. मग शेककाका दुकानात आले.

शेक बिंगयाउ त्याच वसाहतीत नव्याने राहायला आले होते, मुलीच्या घराजवळ. पंच्याहत्तरी ओलांडलेला, काडीसारखा माणूस. बेसिनवर मान टेकायला त्यांना इतका वेळ लागला की सुकचिंगने पाणी बंद करून वाट पाहिली. केस ओले झाले तशी टाळूपासून कानामागे गेलेली एक लांबच लांब खूण दिसली.

"काका, हे कसलं?"

"काच."

"अपघात?"

"छे. पगारी काम होतं." डोळे मिटूनच ते म्हणाले. "नायिकेला खिडकी फोडून खाली पडायचं होतं. ती कशाला पडेल? मी पडलो."

"नायिकेच्या जागी तुम्ही?"

"तेव्हा कंबर बघायची होतीस माझी. दहा-बारा नट्या पडल्या असतील माझ्या अंगावर. म्हणजे मी त्यांच्या कपड्यांत पडलो. लाल झगा, एवढा मोठा अंबाडा. तिसऱ्या मजल्यावरून, खाली खोक्यांचा ढीग." मग थोडं थांबून म्हणाले, "घरात कोणाला खरं वाटत नाही. तो सिनेमाही मग कुठे दिसला नाही."

सुकचिंगने सिनेमाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. कात्री चालवताना तिचं लक्ष लागेना. तो सिनेमा तिच्याकडे होता. मोबाईलवर, टीव्हीवर कुठेही शोधून मिळाला नसता, पण पडद्यामागे, डावीकडे खाली, होता.

मंगळवारी तिच्या बोलावण्यावरून काका अंग चोरून तिच्या घरात शिरले. क्वोंगची सुट्टी होती. त्याने चहा केला, खुर्ची दिली. सुकचिंगने पडदा सारला, डबीवरचा कागद नखाने फाडला आणि तबकडी लावली. काका गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. लाल झगा आला. जिना आला. तलवारी खणखणल्या. नायिका खिडकीशी गेली, काच फुटली, आणि पुढच्याच क्षणी ती अंगणात पडलेली होती. मधलं पडणं नव्हतंच.

"मागे घे," काका म्हणाले.

तिने घेतलं. पुन्हा तसंच. काच, आणि अंगण.

"कापलं असेल," काका म्हणाले. "लांबला असेल सिनेमा." आणि चहा पिऊ लागले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, म्हणूनच सुकचिंगला कानकोंडं झालं. आपल्याच घरी बोलावून माणसाला खोटं पाडल्यासारखं.

"काका, आणखी कशात होतात तुम्ही?"

त्यांनी दोन-चार नावं सांगितली. त्यातले दोन सिनेमे तिच्याकडे निघाले. पहिल्यात ते मागच्या टेबलावर आपटले आणि पुढचा सगळा वेळ तिथेच मेलेले पडून होते. क्वोंगने चित्र थांबवायला लावलं.

"काका, मेल्यावर तुमची करंगळी हलतेय."

"माशी बसली होती रे. तू मरून बघ माशी असताना."

त्या दिवशी सुकचिंग पोट धरून हसली. काका गेल्यावरही ती जमिनीवर बसून डब्या चाळत राहिली. हा उघडू का, यात असतील का, असं करता करता कागदाच्या फाटक्या तुकड्यांचा ढीग झाला.

पण खिडकी तिच्या डोक्यातून जाईना. तिने मानदादांचा ठावठिकाणा काढला. ते आता ताई पो भागात मुलाकडे राहत होते, सकाळी नातीला शाळेत सोडायचं आणि दुपारी पेंगायचं. फोनवर तिने सिनेमाचं नाव काढताच त्यांची पेंग उडाली.

"आपल्याकडची प्रत कापलेलीच. जपानी लोकांनी एक मोठी तबकडी काढली होती, परातीएवढी. तिच्यात पुरा आहे असं ऐकलंय. मी पाहिली नाही. प्लेअर माझ्याकडे आहे, चालू. तबकडी नाही. तू मिळव."

मग सुकचिंगचे मंगळवार पुन्हा भरले. आपलिउ रस्त्यावर जुन्या सामानाचे ढीग पसरून बसणाऱ्यांकडे ती वाकून वाकून बघू लागली. पंखे, रेडिओ, रिमोटांची रास, आणि मधेच कुठेतरी त्या मोठ्या तबकड्या, ओल लागलेल्या. विक्रेते तिला ओळखू लागले. एक जण म्हणाला, "ताई, तुम्हाला हवं ते सांगा ना." ती म्हणाली, "एक म्हातारा खिडकीतून पडतोय, तो हवाय." त्याने पोलिसात जा म्हटलं. शेवटी ती तबकडी रस्त्यावर मिळालीच नाही. ओसाकातल्या एका दुकानदाराकडे निघाली. मानदादांनी मोडक्यातोडक्या जपानीत त्याला फोन केला आणि त्याने नीट गुंडाळून पाठवली.

ताई पोला जायचं ठरलं तेव्हा काकांची मुलगी युकलानही आली. ती बापाला एकटं एवढ्या लांब सोडणार नव्हती, एवढंच तिचं कारण. बसमध्ये ती सुकचिंगला हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही एवढं मनावर घेतलंत. पण बाबा जरा वाढवून सांगतात. ते गोदामात हमाली करायचे. आणि प्यायचे. मला आठवतंय, मी लहान होते, एकदा डोकं बांधून आले. आई म्हणाली, पिऊन जिन्यावरून पडला."

सुकचिंगने खिडकीबाहेर पाहिलं.

मानदादांनी परातीएवढी तबकडी दोन्ही तळव्यांवर तोलून आत सरकवली. क्वोंगसकट सगळे दाटीवाटीने बसले. लाल झगा, जिना, तलवारी, काच. आणि मग नायिका पडू लागली. एकच लांब दृश्य होतं, मधे कुठे कापाकापी नाही. अर्ध्या वाटेत अंबाडा सुटून बाजूला उडाला, झगा वर गेला आणि दोन काटकुळे, केसाळ पाय हवेत सायकल चालवावी तसे हलले. ते अंग खोक्यांवर आदळलं, घरंगळलं, आणि चित्र बदलायच्या आत क्षणभर तरुण काकांचा चेहरा दिसला. कानामागून रक्त येत होतं. ते रंगाचं नव्हतं.

युकलान म्हणाली, "हे त्याच दिवशीचं?"

"तुझ्या आईने शपथ घातली होती, हे काम सोड म्हणून," काका म्हणाले. "सोडलं म्हणून सांगितलं होतं मी. मग डोकं कशाने फुटलं ते काय सांगणार? जिन्यावरून पडलो म्हणालो. प्यायलास का, म्हणाली. हो म्हणालो. ते सोपं पडलं."

"आणि आई शेवटपर्यंत तेच खरं धरून..."

"हो."

युकलानने तोंडावर हात धरला. मग तिने उठून बापाच्या मागे जाऊन त्याच्या केसांत बोटं घातली, ती खूण शोधली आणि तिच्यावर बोट फिरवत राहिली. काका मान खाली घालून बसले होते. थोड्या वेळाने मानदादांना म्हणाले, "पाय उघडे पडले बघ. दिग्दर्शकाने पुन्हा करायला लावायला हवं होतं."

"पुन्हा कोणी केलं असतं?" मानदादा म्हणाले.

"मीच की. डोकं बांधून."

परतताना युकलान बापाशेजारी बसली. सुकचिंग आणि क्वोंग मागच्या बाकावर होते. क्वोंग म्हणाला, "ती मोठी तबकडी कुठे ठेवणार? आपल्या घरात परातीलाही जागा नाही."

"जागा करू."

तिने केली. एकाच सिनेमाच्या जास्तीच्या प्रती, नक्षीच्या डब्या, कधीच पाहावेसे न वाटलेले सिनेमे तिने काढले. काही युकलानला दिले. तिने त्यासाठी जुना प्लेअर मिळवला. भिंत थोडी मोकळी झाली आणि पडदा धुऊन कपाटात गेला. सुकचिंग आता पूर्वीसारखी दर आठवड्याला काही घेतेच असं नाही. घेतलं की मात्र त्याच दिवशी कागद फाडते आणि ज्याला ते बघायचं असेल त्याला बोलावते. दुकानातल्या टीव्हीखाली तिने एक लहान प्लेअर जोडलाय. म्हाताऱ्या बायका केसांना रंग लावून बसल्या की ती विचारते, तुमच्या तरुणपणी कुठला सिनेमा पाहिला होतात, जो मग कधीच दिसला नाही? एकीला नाव आठवत नाही, फक्त गाढवावर बसलेला नवरदेव आठवतो. दुसरीला शेवट आठवतो, बाकी काही नाही. सुकचिंग मानदादांना फोन लावते. तिकडून आधी उसासा ऐकू येतो, मग प्रश्न सुरू होतात. गाढव कोणत्या रंगाचं होतं, विचार तिला.