क्रेप बँडेज आणि अलकाचा दम

"दम तुटला! परत दम तुटला! ही चढाई आहे का म्हशीचं धापणं?"

आप्पा सर ओरडत होते. ओरडणं हा आमच्या कोचचा मुख्य धंदा, कबड्डी शिकवणं जोडधंदा. त्यांनी नगरच्या मैदानावर तोंड उघडलं की घोडेगावच्या बाजारात बैल दावणीला हिसके देतात, हे मी शपथेवर सांगेन.

मी तिथल्याच एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. समोर मान खाली घालून उभी होती अलका, टी.वाय.बी.ए.ची, पाथर्डीकडची. आमची सर्वांत चांगली रेडर. रेडर म्हणजे समोरच्या संघात एकटी घुसून, 'कबड्डी कबड्डी' म्हणत कुणाला तरी शिवून परत येणारी. सगळं एका दमात. मध्ये श्वास घेतला की पंच बाहेर काढतो. वर्षापूर्वी अलका चढाईला गेली की तिचा दम संपायच्या आधी बघणाऱ्यांचा संपायचा. आता दहा आकडे मोजेपर्यंत तुटत होता.

"माज आलाय तिला," आप्पा सर मला म्हणाले. "मॅडम, युनिव्हर्सिटीच्या सिलेक्शनला नेऊ नका हिला. कॉलेजचं नाक कापेल."

सिलेक्शनला आठ दिवस होते. तिथं निवड झाली तर सर्टिफिकेट, आणि त्यावर पोलीसभरतीत खेळाडूंची जागा. नाही झाली तर दसऱ्यानंतर टोळीबरोबर कोपरगावकडं ऊस तोडायला. मुकादमाला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणून चुलत्यानं तिच्यासाठी नवरा बघून ठेवला होता. कोयता पुरा करायला.

मी तिला माझ्या खोलीत नेलं, दार लावलं.

"काय होतंय गं?"

"काय न्हाई, मॅडम."

"अलका, मी आप्पा सर नाही. बोल."

तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या बरगडीवर ठेवला. जर्सीखाली लाकडासारखं कडक काहीतरी. क्रेप बँडेज! त्यावर दुसरं. त्याखाली एकावर एक दोन बॉडीस. वर सेफ्टी पिना.

"उडी मारली की छाती लई दुखती," ती म्हणाली. "डोळ्यातून पानी येतं. बांधलं की कमी व्हतं. पर मग श्वासच घेता येत न्हाई."

"कधीपासून?"

"गेल्या सालापासून. आमी समद्याच बांधतो."

समद्याच! फर्स्ट-एडच्या पेटीतली बँडेजं वर्षभर गायब होत होती. मी हुशार बाई. पोरींचे गुडघे कमजोर आहेत असं निदान करून मी त्यांना रोज पन्नास बैठका जादा लावल्या होत्या! तेव्हा स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटली. कारण खेळाडू असताना मीही दोन-दोन घालूनच खेळले होते, आणि दुखणं हा नियमच आहे असं धरून चालले होते.

साधी गोष्ट आहे. स्तनाला आतून स्नायूचा आधार नसतो. कातडी आणि आतले बारीक धागे, एवढ्यावर सगळं वजन. पळताना ते हलतं, ओढलं जातं, म्हणून दुखतं. आवळून बांधलं तर बरगड्या फुलत नाहीत आणि दम कोंडतो. आधार हवा, फास नको.

खेळताना नीट आधार देईल अशी बॉडीस शोधायला आम्ही दोघी कापड बाजारात गेलो. पाच दुकानं. पाचही ठिकाणी काउंटरवर पुरुष, आणि पाचांनीही अलकाकडे न बघता छताकडे बघत एकच माप पुढं केलं. "खेळायला पाहिजे," म्हटलं तर एक म्हणाला, "ताई, खेळाचं सामान पलीकडच्या गल्लीत." घोडेगावला बैलाची झूल मापानं शिवून मिळते. बाईसाठी जिल्ह्यात एकच माप!

रागानं फणफणत मी प्राचार्यांकडे गेले. खेळाच्या सामानात मुलींना आधाराचे कपडे घाला, म्हटलं.

त्यांनी आधी शिपायाला बाहेर पाठवलं. मग पंखा मोठा केला. मग म्हणाले, "मॅडम, हा विषय घरगुती आहे."

"सर, मुलांना कॉलेज दरवर्षी चड्डीच्या आत घालायचे सपोर्टर देतं. यादी स्टाफ मीटिंगमध्ये खड्या आवाजात वाचतात. तो कुणाच्या घरचा विषय?"

"ते खेळाचं साहित्य आहे."

"आणि पोरी काय मैदानावर भोंडला खेळतात?"

माझा आवाज त्या दिवशी आप्पा सरांच्या वर गेला. कार्यालयातले टाइपरायटर थांबले. प्राचार्य फाइल चाळत राहिले. फाइल उलटी होती.

शेवटी शकीलाभाभी. माझे ब्लाउज शिवायच्या. त्यांनी सगळं ऐकलं, टेप काढली आणि म्हणाल्या, "मॅडम, पोरीला इथंच उड्या मारू द्या. मला बघू द्या." अलकानं माडीवरच्या दुकानात उड्या मारल्या, खालच्या हॉटेलात लोकांचा चहा बशीत सांडला. पहिला नमुना ब्लाउजसारखा झाला, हात वर जाईना. दुसऱ्याची शिवण तिसऱ्याच उडीला उसवली. तिसरा जमला. दुहेरी सुती कापड, छातीखाली रुंद पट्टा, तीन बोटं रुंदीचे बंद पाठीवर फुलीसारखे, मागं इलॅस्टिक. अलकानं खोल श्वास घेतला. परत घेतला. मग नुसतीच घेत राहिली.

सिलेक्शनच्या दिवशी तिची पहिली चढाई. मी मनात मोजत होते. वीस, पंचवीस, तीस. तुम्हाला खोटं वाटेल, पण पंचाला तेवढ्यात जांभई आली. ती दोघींना शिवून परत आली आणि तरीही तोंडानं 'कबड्डी' चालूच. संध्याकाळी यादी लागली. तिचं नाव तिसरं.

आप्पा सरांनी सगळ्यांना सांगितलं, "शिस्त लावली मी तिला." प्राचार्यांनी हार आणला. मी इतकंच शिकले, की पोरीचा खेळ बिघडला तर आधी तिच्या स्वभावाचा नाही, कपड्यांचा तपास करावा.

गावातल्या पेपरचा वार्ताहर वही उघडून अलकासमोर उभा राहिला. "मैदानात उतरताना मनात काय भावना होत्या? आई-वडील? गुरुजन? गावाचं नाव?"

अलकानं थोडा विचार केला.

"काय न्हाई," ती म्हणाली. "दुखत नव्हतं."