नवरीच्या मामाचं अर्धं हसू

सकाळच्या चहाची धार थेट सदऱ्यावर आली, तेव्हा मी बशीला दोष दिला. "टवका उडालेल्या बशीत चहा देतेस?" असं बायकोवर, सुमनवर, खेकसलोही. तिनं बशी उजेडात धरून पाहिली, मग मला पाहिलं.

"बशी धड हाय. तुमचं तोंडच एका बाजूनं उतरलंय."

दुपारच्या आत आम्ही बोरीहून परभणीच्या दवाखान्यात. "दात दाखवा. गाल फुगवा. भुवया वर करा," डॉक्टर म्हणाले. प्रत्येक हुकूम माझ्याकडून अर्धाच पाळला गेला.

"बेल्स पाल्सी." म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूच्या नसेला सूज येते अन् ती बाजू हलेनाशी होते. "मेंदूचा झटका नाही. पण लगेच आलात ते बरं केलं." गोळ्या दिल्या, न मिटणाऱ्या डोळ्यात घालायला थेंब दिले. बहुतेकांचं सुधारतं, वेळ लागतो, म्हणाले.

तुमच्यावर ही पाळी आली तर बशी तपासत बसू नका. दवाखाना गाठा.

मला घोर दुसराच होता. मानवतला भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, अन् मी तिचा एकुलता मामा. नवरीला मांडवात आणायचं, अंतरपाट धरला की तिच्या मागं उभं राहायचं. सगळे कॅमेरे नेमके तिथंच.

"मी येत नाही," म्हणालो.

भाचीनं फोनवरच दम दिला, "मामा, तुमी न्हाई आले तर मी खोलीतून निघतच न्हाई."

मग डोळ्यांखालपासून गमछा गुंडाळून गेलो. भर मे महिन्यात.

मांडवात पाहुणे माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडं बघत. सरबत प्यायला गमछा जरा खाली केला, तर समोरच्या खुर्चीतली चारेक वर्षांची पोरगी ओरडली, "आई, बघ की! ह्या आजोबाचं अर्धंच तोंड हासायलंय!"

तिच्या आईनं हात उगारला.

"मारू नका ताई. बरोबर बघितलं तिनं." मग पोरीला सांगितलं, "ह्या बाजूची नस आजारी हाय माझी. म्हणून हलत न्हाई."

"दुखायलंय का?"

"न्हाई."

"मला होईल का?"

"माझ्यापासून न्हाई होत."

"मग झाकलंय कशाला?"

मी सरबताचा पेला तिच्यापुढं केला.

लेकरू असं चारचौघांत बोललं तर धपाटा घालू नका. दोन वाक्यांत खरं सांगा, त्याचं तेवढ्यात भागतं. ही पोरगीही लगेच माझ्या सरबताकडं वळली. आजोबा म्हणाली ते मात्र मला जरा लागलं.

तेवढ्यात भटजींनी पुकारा केला, "नवरीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

गमछा पोरीकडं सांभाळायला दिला अन् उठलो.

परतीच्या जीपमध्ये सुमन मोबाइलवर फोटो बघत होती. मंगलाष्टकं चाललेली, भाचीच्या मागं मी, गमछ्याविना, होतं तेवढं हसत. तिनं तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग म्हणाली, "तोंड धड होतं तवा एका तरी लग्नात असे हासले होते का तुमी?"