तांब्यातला हात

वटपौर्णिमेच्या सकाळी माझा उजवा हात सासूबाईंच्या पितळी तांब्यात अडकला.

तांब्या साधा नव्हता. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी तांबटाकडून करवून घेतलेला. पोट गरगरीत, गळा चिंचोळा. त्याला त्या कोणाला हात लावू देत नाहीत. (मी तर अख्खा घातला!) पूजेसाठी आतूनही लखलखावा म्हणून मुठीत चिंच घेऊन हात आत सारला. आदल्या दिवशी भरलेल्या हिरव्या बांगड्याही सोबत आल्या आणि आत जाऊन तिरप्या बसल्या.

यांनी तेल ओतलं. तेल कोपरावरून नव्या साडीवर आलं, हात काही आला नाही. मग शेजारणीने मला धरलं, यांनी तांब्या ओढला, आणि मी ओट्यापासून दारापर्यंत घसरत गेले.

"बांगड्या फोड ना," हे म्हणाले. "मला काही होत नाही."

आजच्या दिवशी! ज्यांच्या आयुष्यासाठी मी उपाशी, तेच असं बोलतात! शेजारणीने कानांवर हात ठेवले.

शेवटी सासूबाईंनी मला आमच्या कात्रपहून रिक्षात घातलं आणि उल्हासनगरला नेलं. तांब्या मी पदराखाली धरला होता. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "मावशी, नातू झोपला काय?" लाजून मी मान हलवली, वर थोपटलंसुद्धा. टण्णकन आवाज आला.

भांडी दुरुस्त करणारे सिंधी काका गळ्यात बोट घालून बघत म्हणाले, "भाभी, चूडी तोडो, नाहीतर लोटा कापो."

मी सासूबाईंकडे बघितलंच नाही. बापाची तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरलेली. त्यांनी पदराने तांब्या पुसला.

"कापा. भांडं परत जोडता येतं."

मग माझ्याकडे वळून, "माझ्या पोरासाठी म्हणते हो," म्हणाल्या. पण माझं कोपर त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

काकांनी पोटावरचा जुना जोड छिन्नीने उघडला. तिरप्या बांगड्या खालून सरळ केल्या. हात सुटला, बांगड्या शाबूत. मुठीत चिंच तशीच होती! काकांनी तांब्या पुन्हा जोडून दिला. आता त्याच्या पोटावर ऑपरेशन झाल्यासारखी वाकडी शिवण आहे.

त्याच तांब्याने मी वडाला पाणी घातलं. सात जन्म हाच नवरा मिळो, असं सगळ्या बायका मागत होत्या. मी मनातल्या मनात सासूही हीच मागितली. तांब्या तेवढा रुंद तोंडाचा दे म्हटलं, कारण मी काही सुधारायची नाही.