बाराव्या दगडावरचा बाण

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बाणकाका म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? एकतीस वर्षं या माणसाने दगडांवर बाण काढले. उभ्या कड्यात ड्रिलने बोटभर दगड कोरायचा, तो सुटा करण्याआधी त्यावर बाण काढायचा, टोक डोंगराच्या बाहेर, आणि मग कागदात गुंडाळून आणायचा. लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडी कण त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करून गोठतात. पुढे जमीन कुठेही सरको, कशीही वळो, ते आपली जुनी उत्तर सोडत नाहीत. ती वाचून सर लोक जमिनीचा कोट्यवधी वर्षांचा प्रवास नकाशावर मांडतात. पण दगड डोंगरात कसा बसला होता हे फक्त बाण सांगतो. "बाण चुकला की खंड चुकलं," असं काका नव्या माणसाला सांगायचे, तेही अशा थाटात की खंड जणू त्यांना विचारूनच हलतात.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना नव्या मॅडम कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी आल्या.

"काका, थोरल्या सरांच्या नकाशात आपली जमीन मध्येच अर्धी गिरकी घेते ना? तिला आधार फक्त अकरा दगडांचा. गेल्या महिन्यात तुम्ही मला त्याच कड्यातून नवे काढून दिलेत. ते बरोब्बर उलटी दिशा दाखवतायत."

"मशीन बिघडलं असेल."

"दहा वेळा तपासलं. काका, जुने बाण तर उलटे नसतील?"

"जुनेही माझे, नवेही माझे," काका म्हणाले. "म्हणजे माझाच बाण माझ्याच बाणाला खोटं पाडतो?"

मॅडमने कुत्सितपणे विचारलं नव्हतं, तरी काकांना ते लागलं. प्रयोगशाळेचे जुने प्रमुख, थोरले सर, वारून चार वर्षं झाली होती. त्या अकरा दगडांवरच्या लेखाच्या शेवटी सरांनी छापलं होतं, 'खुणा काळजीपूर्वक केल्याबद्दल आभार', आणि पुढे काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. उभ्या आयुष्यात त्यांचं नाव छापून आलं ते तेवढंच. बायकोने ते पान लग्नाच्या अल्बममध्ये ठेवलं होतं.

घरी जाताना ते ज्या कोपऱ्यावर एवढी वर्षं डावीकडे वळत होते तिथे उजवीकडे वळले आणि चपलांच्या दुकानापर्यंत जाऊन परत आले. घरी नळ बंद करायला गेले तर पाणी दुप्पट जोरात. बायको बघत होती.

"अहो, डबा उलटा धरलाय. झाकण खाली आहे."

"अगं, सव्वीस वर्षांपूर्वी मी त्या कड्यावर गेलो होतो, तेव्हाचं तुला काही आठवतं?"

"न आठवायला काय झालं? त्याच दौऱ्यावरून तर कावीळ घेऊन आलात! डोळे पिवळेधमक. महिनाभर पथ्याचं करून करून माझा जीव मेटाकुटीला आला."

झालं. काकांना वाटलं, आता शंकाच नको. तापात हात उलटा पडला आणि आपण एक अख्खी जमीन गरकन फिरवून ठेवली.

सकाळी त्यांनी जुना ड्रॉवर उघडला. अकरा दगडांच्या तर तेव्हाच मोजणीसाठी चकत्या झाल्या होत्या, पण बारावा जास्तीचा म्हणून अख्खा ठेवलेला होता. त्याचं एक टोक उन्हापावसाने तांबूस झालेलं, म्हणजे डोंगराच्या बाहेरचं. दुसरं ताजं तुटलेलं, आतलं. बाण तुटलेल्या टोकाकडे होता. उलटाच. काकांनी दगड खिडकीपाशी उजेडात नेला.

मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांचा बाण म्हणजे तीन रेघा, खटाखट. या बाणाला शेपटाशी आणखी दोन आडव्या रेघा होत्या. असा बाण एकच माणूस काढायचा, फळ्यावर, खडूने. आता सगळं आठवलं. भोकं काकांनी पाडली आणि दुपारी तापाने ते तंबूत आडवे झाले. बाण सरांनी काढले. सर जिथे शिकले होते तिथे बाणाचं टोक डोंगराच्या आत दाखवायची पद्धत होती. ते स्वतःच हसून सांगायचे तसं. हात दमल्यावर जुन्या सवयीने उचल खाल्ली असणार.

काकांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा बाहेर आला. चूक आपली नाही. पण मग आभारही आपले नव्हते! आपण तंबूत पडून होतो हे सरांना ठाऊक होतं, तरी त्यांनी नाव छापलं. विसरले, की मुद्दाम? हसावं की रडावं तेच त्यांना कळेना.

मॅडमसमोर दगड ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी शेपटाच्या आडव्या रेघांवरून बोट फिरवलं.

"गिरकी तर खोडावीच लागेल, काका."

"खोडा ना. घेतलीच नव्हती जमिनीने."

"बाण उलटे होते एवढं मला लिहावं लागेल. कोणी काढले ते लिहिलंच पाहिजे असं नाही. पण नाही लिहिलं, तर लोक तुमचेच समजतील. तिथे आभार तुमचे छापलेत."

 अल्बममधलं पान काकांच्या डोळ्यांपुढे आलं.

"आभार घेतले तेव्हा मी म्हटलं नाही, बाण माझे नाहीत म्हणून," ते म्हणाले. "आता कशाला सांगू? राहू द्या माझ्याच नावावर."

"नक्की?"

"नक्की कुठलं, मॅडम? कालपासून मला डावं-उजवंसुद्धा कळत नाहीये."

दगड उचलून ते खाली आले. ड्रॉवरमध्ये परत ठेवताना बाणाचं टोक कोणत्या बाजूला करावं हे त्यांना बराच वेळ सुचेना.