बसा, मी उभाच बरा

ऑफिसात कुणीही आलं की आमचे हेडक्लार्क काका आधी उठायचे आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवायचे. "बसा, मी उभाच बरा हाय." साहेब आले तरी उठायचे आणि म्हशी राखणारा आला तरी तेवढ्याच घाईने उठायचे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि वर दुष्काळ. गावांना टँकर लावून देणं हे आमचं काम. माणसं चार, खुर्च्या दोन. एक काकांची, एक माझी. माझी मी मेलो तरी सोडत नसे! काका ख्रिस्ती होते, रविवार चुकवत नसत. आम्ही त्यांना तोंडावर 'पाद्रीबाबा' म्हणायचो. ते हसायचे. "अरे, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मला तर नुसतं उठायचं हाय."

माझं डोकं तेव्हा कायम तापलेलं. एकदा औशाच्या बसने कडेवर लेकरू घेतलेली एक बाई आली. गाव शिवेवरचं, महिनाभर टँकर नाही. मी यादी पाहिली. गाव नव्हतं.

"तुमचं गाव आमच्यात न्हाई. जुन्या जिल्ह्याला जा."

"तिकडूनच आले की साहेब. ते म्हंतेत, लातूरला जा."

"मग मी काय करू? डोस्कं खाऊ नका!"

बाई रडली नाही, भांडलीही नाही. दाराला टेकून उभी राहिली. काका उठले. तिला खुर्ची दिली, घरून आणलेलं पाणी लेकराला पाजलं आणि जुन्या जिल्ह्याहून आलेले कागदांचे गठ्ठे जमिनीवर बसून सोडायला लागले. दुपारी कागद सापडला. गाव आमचंच होतं. यादी उतरवताना मी एक पान उलटलंच नव्हतं.

मी अजून नोकरीत कायमही नव्हतो. काकांनी साहेबांना "आमच्याकडून राहिलं" एवढंच सांगितलं. मग मला म्हणाले, "चल, पाणी घेऊन जाऊ."

बाई बसने पुढे गेली, मागून टँकरबरोबर आम्ही दोघं गेलो. गावाने पारावर काकांसाठी खुर्ची मांडली होती. काकांनी त्या खुर्चीवर बाईला बसवलं आणि हात जोडले. "माय, चूक आमची हाय. माफ करा."

'आमची' म्हणाले हो! माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला रागावले असते तर मी उलट बोललो असतो. आता मात्र मीही हात जोडले, अगदी मनापासून.

मागच्या वर्षी काका गेले. मला बाप गेल्याइतकं वाईट वाटलं. मी चर्चला पोचलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गावचा टेम्पोही बाहेर उभा होता. शेवटच्या बाकावरून एक म्हातारी उठली. मी चेहऱ्यावरून ओळखलं नाही, तिने मात्र मला बरोबर ओळखलं.

"बसा साहेब," ती म्हणाली, "मी उभीच बरी हाय."

मला बसवेना. तीही परत बसली नाही. प्रार्थना संपेपर्यंत आम्ही दोघं उभेच होतो, आणि एवढ्या गर्दीत बाकावरची ती जागा रिकामीच राहिली.