मालकांचा किल्ट

निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांना डोंगर चढायचं वेड लागलं. बरं, चढा! पण लातूरचं ऊन, अंगाला घाम आणि वर जाड पँट. दर रविवारी मांड्या सोलून घरी यायचे आणि माझ्याकडं खोबरेल तेलाची बाटली मागायचे. मग एकदा फोनवर त्यांनी परदेशातला कुणी दाढीवाला बाप्या किल्ट घालून डोंगर चढताना बघितला. म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा, चुण्याचुण्यांचा चौकडीचा प्रकार. झालं! जेवतानाही तेच.

"अगं, हवा खेळती राहते, पाय मोकळे राहतात. आमचे आजोबा धोतरातच रानं तुडवायचे की!"

"मग धोतर नेसा!"

"आणि कुसळात, बोरीच्या जाळीत अडकून पडू?"

आता माझं खरं दुखणं सांगते. लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, सासर कंधारचं. व्याही भारदस्त, मोजकं बोलणारे. विहीणबाई त्यांच्याहून कडक. आणि त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच बोलावलं होतं. रविवारी या, सकाळी माळानं चालत किल्ल्यात जाऊ, मग घरी जेवण. मालक म्हणे, किल्टचं उद्घाटन तिथंच! उद्या त्या घरात कुणी लेकीला म्हणालं, "तुझा बाप घागरा घालून फिरतो," तर पोरीनं तोंड कुठं लपवायचं? तशीही ती फोनवर "हाव, बरी हाय," एवढंच बोलायची.

मी लई भांडले. पण ऐकतील ते मालक कसले? पुरुषांच्या शिंप्यानं हात जोडले. ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं "गड्याचं माप मी घेत न्हाई" म्हणून वाटेला लावलं. शेवटी म्हटलं, हसं व्हायचंच असेल तर निदान शिवण तरी नीट असू दे. आणि मीच मशीनवर बसले.

कापड त्यांनी गणवेशाच्या दुकानातून आणलं होतं, शाळकरी पोरींच्या स्कर्टचं, निळ्या-हिरव्या चौकडीचं. पण चिवट होतं आणि लवकर वाळणारं. पुढून सपाट ठेवलं, नाहीतर चढताना गुडघ्यात येतं. पाऊल लांब पडावं म्हणून मागं खोल चुण्या घातल्या आणि त्या वरून वीतभर शिवून टाकल्या. वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली रुंद दुमड, नाडीऐवजी पट्टा, बाजूला फोनचा खिसा. आत घट्ट अर्धी चड्डी घालायची, हे शपथ घालून कबूल करून घेतलं. मालकांनी आरशापुढं गिरकी मारली तेव्हा खरं सांगते, वाईट दिसत नव्हते. पण तसं म्हणायला मी काय येडी हाय?

"अजून एक शिव," मालक म्हणाले. "कमरेत जरा ढिला. धुतल्यावर आटला म्हणजे?" कापड उरलंच होतं. शिवला.

रविवारी कंधारला पोचलो. व्याह्यांनी मालकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ माळाची वाट धरली. विहीणबाई त्यांच्या मागोमाग. माळावरून चालताना लेक ओढणी सावरत मागं मागं राहत होती, आणि तिच्याकडं बघायची माझी हिंमत होईना. किल्ल्यात जरा टेकलो, तशी मालकांनी पिशवीतून टॉवेल काढला, टोपी काढली, आणि त्याखालून दुसरा किल्ट!

"व्याहीबुवा, पहिल्यांदाच आलो. रिकाम्या हातानं कसं यायचं? एवढा आहेर घ्या."

अगं बाई! धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. आमच्याकडं आहेर नाकारत नाहीत, आणि देणाऱ्याच्या समोरच अंगावर घालायचा असतो. व्याह्यांनी टोपी घातली. टॉवेल खांद्यावर टाकला. मग किल्ट हातात धरून नुसतेच उभे राहिले. शेवटी बुरुजाआड गेले आणि आले ते पँटवरूनच गुंडाळून, टोपीसकट.

"असं न्हाई," विहीणबाई गंभीरपणे म्हणाल्या. "प्यांट काढून या."

आणि माझी लेक फुटली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "गप गं, सासरे हायत!" मी दातओठ खात म्हणाले. तेवढ्यात विहीणबाईंनी माझा दंड धरला. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"हसू द्या, विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या. "घरात आल्यापासून पोरगी एकदा बी मोकळी हसली न्हाई. मी रोज बघून राहिले. आमचंच काही चुकून राहिलंय का, असं वाटायचं हो." आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले.

या बाईला मी किती भीत होते, आणि ही माझ्या लेकीच्या हसण्याची वाट बघत होती.

"तुमचं काही चुकलं न्हाई," मी त्यांचा हात धरून म्हणाले. "घाबरट हाय जरा. माझ्यावर गेलीय."