तानुबाईची दाढ

ऊस तुटून गेला की आमच्या उंब्रजच्या रानात आटपाडीकडची मेंढरं येतात. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, आणि त्याबद्दल आम्ही धनगरांना धान्य देतो. गुंडा आणि त्याची बायको तानुबाई यांचा कळप माझ्या वडिलांच्या वेळेपासून येतोय. सोबत लेक ज्योतिबा आणि सून रेश्मा.

तानुबाई पन्नाशी ओलांडलेली, उंच, कमरेत ताठ. घोड्यावर बिऱ्हाड लादताना ज्योतिबाचा हात हळू चालला तर त्याला बाजूला सारून स्वतः दोर आवळणारी. तिला मी दिवसा कधी बसलेलं पाहिलं नाही. सकाळी तेवढी चुलीपुढं उकिडवी बसून मिश्री लावायची. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेला तंबाखू, तळहातावर चिमूटभर, आणि बोटानं हिरड्यांवर सावकाश घासत राहायचं. "त्याबिगर डोळंच उघडत न्हाईत," म्हणायची.

दोन वर्षांमागं ती आली तीच गालाला हात लावून. खालची शेवटची दाढ किडली होती. गार पाणी लागलं की कळ कानापर्यंत जायची. तिनं लवंग दाबली, रुईचा चीक लावून तोंड भाजून घेतलं, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, आणि शेवटी मिश्रीची गोळी करून दाढेच्या भोकात कोंबून ठेवायला लागली. माझी बायको तिला म्हणाली, "तानुबाई, कराडला दाताच्या डॉक्टरकडं जाऊन ये एकदा."

"काय सांगता वैनी! दाढ उपटली की डोळं जात्यात. आमच्या चुलतीचं गेलं."

पुढं एक दिवस दाढ दुखायची थांबली. तानुबाई खूश झाली. "मारली का न्हाई मिश्रीनं तिला?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. आम्हालाही वाटलं, बरं झालं, सुटली बिचारी. दाढ दुखायची थांबते ती बरी होऊनच असं नाही, आतली नस मरूनही थांबते, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक असणार?

त्यानंतर काही दिवसांनी गुंडा आणि ज्योतिबा मेंढरं घेऊन चार दिवसांसाठी कृष्णेपलीकडं गेले होते. बिऱ्हाडावर सासू-सुना तेवढ्या. मी सकाळी पाटाचं पाणी वळवायला गेलो तर रेश्मा बांधावरून पळत आली.

"नाना, आत्तीकडं बघा की जरा. मला काय बरं लक्षण दिसंना."

तानुबाई पालापुढं बसली होती. नुसती बसली नव्हती. दोन्ही हात जमिनीवर टेकून, हनुवटी पुढं काढून, वाकून बसली होती. पदराचं टोक तोंडाला लावलेलं आणि ते लाळेनं चिंब. हनुवटीखालचा खळगा पार भरून जबडा आणि गळा एक झाले होते. सूज दोन्ही बाजूंना होती, तांबूस आणि ताणलेली.

"दोन दिस झालं सुजतंय," रेश्मा म्हणाली. "मला सांगितलंच न्हाई, पदराखाली झाकून ठेवलं. काल ताप भरला. शेजारच्या पालावरच्या म्हातारीनं सांगितलं म्हणून इटंनं शेकलं, तर सूज लयच वाढली. आज च्या पाजला तर नाकावाटं भाईर आला."

"तानुबाई, चला दवाखान्यात," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तोंडात कढत घास धरून बोलावं तसे शब्द आले. "धनी... आल्याव जाऊ."

रेश्मा तिच्यापुढं गुडघ्यावर बसली. "आत्ती, तोंड उघडा." तानुबाईचे दात जेमतेम बोटभर फाकले. आत जीभ टाळूकडं ढकलल्यासारखी वर आलेली दिसली. "आता थुंकी गिळून दावा." तानुबाईनं डोळे मिटले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि लाळ ओठावाटं पदरात उतरली.

रेश्मा उठली. एरवी सासूपुढं तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "लगीन झाल्यापास्नं मी तुमचं ऐकत आले. आज तुमी माझं ऐकायचं. नाना, गाडी काढा."

माझी पिकअप वस्तीवरच होती. मागं गोधडी टाकून आम्ही तानुबाईला आडवं करायला गेलो, तशी ती घुसमटली आणि आम्हाला ढकलून उठून बसली. आडवं झालं की तिचा श्वासच अडकत होता. मग तिला पुढंच बसवलं, मध्ये, आणि रेश्मानं दाराकडून पाठीला हात लावून तिला ताठ धरली.

हायवेला कराडच्या अलीकडं रुंदीकरणाचं काम चाललं होतं. सगळी वाहनं एका बाजूच्या अरुंद रस्त्यावर घातलेली, आणि नेमकी तिथंच उसाची ट्रॉली कलंडलेली. पुढं ट्रकच्या रांगा, मागून हॉर्न. गाडी तसूभर हलेना. तानुबाईच्या श्वासाला आता आवाज येऊ लागला होता, फुंकणीतून वारा यावा तसा. तिनं माझं मनगट धरलं. एवढी पकड, पण हात थंडगार. मी हॉर्नवर हात दाबून ठेवला, दुसरं काही सुचतच नव्हतं.

"नाना, आत्तीला धरा," रेश्मा म्हणाली आणि खाली उतरली.

ती गाड्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून, ओरडत, ट्रकच्या दारांवर थापा मारत तिनं एकेक गाडी कडेला सरकवायला लावली. रस्त्यात मेंढरं घुसली की ती अशीच वळवते. "माणूस मरतंय माझं! सर की बाजूला!" कुणी शिवी हासडली, पण दोन ड्रायव्हर खाली उतरून तिच्या मदतीला आले. पसरलेल्या उसावरून चाकं घालत मी पिकअप पलीकडं काढली. रेश्मा धावत येऊन पायरीवर चढली आणि तशीच लटकत राहिली.

दवाखान्यात डॉक्टर उत्कर्षा म्हणून दात-जबड्याच्या सर्जन होत्या, वयानं रेश्माएवढ्याच. त्यांनी हनुवटीखाली बोटं दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. बोटातून रक्त घेऊन साखर तपासली, ती भलतीच वाढलेली. तानुबाईला साखर आहे हे आम्हाला त्या क्षणी कळलं.

"दाढेतला पू जिभेखाली आणि गळ्यात उतरलाय," त्या रेश्माला म्हणाल्या. "श्वासाची वाट बंद होत चाललीय. आत्ताच ऑपरेशनला घ्यायला लागेल. नाकातून नळी घालू. नळी गेली नाही तर गळ्याला पुढून भोक पाडून श्वास द्यायला लागेल. मग जबड्याखाली चिरून पू काढायचा आणि दाढही काढायची."

तानुबाईनं हे ऐकलं. ती स्टुलावरून उठली आणि दाराकडं निघाली. "गळा... कापू द्याची न्हाई."

डॉक्टर आडव्या आल्या नाहीत. शेजारी उभ्या राहून हळू म्हणाल्या, "मावशी, मेंढराला गळू झालं तर काय करता?"

तानुबाई थांबली. श्वास घेत घेत म्हणाली, "फोडतो."

"नाही फोडलं तर?"

तानुबाईनं रेश्माकडं पाहिलं. रेश्माच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज घट्ट होता. "मी हाय हितं. जावा आत."

गुंडाचा फोन लागत नव्हता. सही रेश्मानंच केली.

दार बंद झालं. आम्ही बाकावर बसलो. रेश्मा सारखी एकच प्रश्न विचारत होती, "नाना, मी सही केली ते बरोबर केलं नव्हं? काय झालं तर मामंजी मला काय म्हणतील?" एकदा आतून नर्स धावत बाहेर आली, काहीतरी घेऊन परत धावत आत गेली. रेश्मानं माझी बाही मुठीत धरली आणि दार पुन्हा उघडेपर्यंत सोडली नाही.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा डगला घामानं पाठीला चिकटला होता. "नळी नाकातूनच गेली. गळ्याला भोक पाडायला लागलं नाही. पू बराच निघाला. अजून दोन दिवस धोका आहे, पण श्वास चालू आहे."

दुपारी फोन लागला, आणि ज्योतिबाला मेंढरांजवळ ठेवून गुंडा संध्याकाळी धापा टाकत पोहोचला. सगळं ऐकून घेतलं आणि सुनेपुढं हात जोडले. रेश्मा लाजून भिंतीकडं वळली.

दोन दिवस तानुबाई नळीवर होती. तिसऱ्या दिवशी नळी काढली, आणि पहिल्यांदा काय बोलली तर, "मेंढरं कुणाजवळ हायती?"

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्यांनाच समोर बसवलं. भोक लहान होतं तेव्हा सिमेंट भरून दाढ वाचली असती, पुढं नस साफ करून वाचली असती. गोळ्यांनी दुखणं दबतं, कीड नाही. मिश्री बधिर करते म्हणून बरं वाटतं, आत हिरड्या सोलून निघतात आणि कॅन्सरला वाट होते. साखर वाढलेली असली की पू आवरत नाही. सुजेवर शेक द्यायचा नाही, आणि तोंड उघडेना किंवा गिळता येईना झालं की कुणाची वाट बघायची नाही. तानुबाईनं एकच विचारलं, "डोळं जाणार न्हाईत नव्हं?" डॉक्टर हसल्या. "मला बघताय ना नीट?"

मिश्री तिनं एका दमात सोडली असं काही झालं नाही. डोकं धरायचं, चिडचिड व्हायची. दोनदा लपून लावलीही, आणि रेश्मानं डबी पाण्यात ओतली. उरलेल्या दोन किडक्या दाढा मात्र तिनं उन्हाळ्यात आटपाडीला जाऊन स्वतः भरून घेतल्या, गुंडाला न सांगता.

गेल्या दिवाळीनंतर कळप पुन्हा आला. तानुबाईच्या जबड्याखाली बोटभर व्रण आहे, तो ती पदरानं झाकत नाही. माझ्या बायकोनं बोलता बोलता सांगितलं, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, पण दुखत काही नाही.

तानुबाईनं हातातला दोर खाली टाकला. "नाना, वैनीला आजच्या आज घिऊन जावा. दुकत न्हाई तवाच जायचं असतंय."

गुरुवारी आम्ही दोघंही कराडला गेलो. बायकोचे दात नुसते साफ करून भागलं. माझ्या मात्र दोन दाढांना भोकं निघाली.